वर्षातून एक रात्र: बर्गंडीचा द्राक्ष बागायतदार आणि त्याचा देवदूत

  इतिहासाच्या गप्पांत आज देवदूत कुठून आला, असं तुम्ही विचाराल. थोडा धीर धरा.

1808 सालची उन्हाळ्यातली रात्र. फ्रान्सचा बर्गंडी प्रांत. प्रेमात पोळलेला सोब्राँ जोदो हा तरुण घरातल्या वाइनच्या दोन बाटल्या चोरून रात्री मळ्यात जातो. पिऊन त्याचा तोल जातो आणि त्याला सावरतो एक पंखवाला देवदूत. दोघांचं ठरतं की दरवर्षी याच रात्री इथेच भेटायचं. ही मैत्री 55 वर्षं चालते. मधे नेपोलियनची युद्धं होतात, लग्न होतं, मुलं होतात, मरणं येतात. देवदूत स्वर्गातला नाही, हेही पुढे कळतं. तरी मैत्री संपत नाही.

ही कथा न्यूझीलंडच्या लेखिका एलिझाबेथ नॉक्स यांच्या ‘द व्हिंटनर्स लक’ या 1998 सालच्या कादंबरीतली. 2009 मध्ये निकी कारो यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. सोब्राँ काल्पनिक आहे. पण त्याच्या भोवतीचा काळ खरा आहे आणि मला बोलायचंय ते त्या काळाबद्दल.

पहिली गोष्ट जमिनीची. बर्गंडीतले कित्येक उत्तम मळे शतकानुशतके मठांकडे होते. क्लो द व्हूजो हा सुमारे 50 हेक्टरचा मळा सिस्टर्शियन साधूंनी उभा केला. कुठल्या तुकड्यातलं द्राक्ष कसं उतरतं, हे एका साधूकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. माणूस मरायचा, मठ मरायचा नाही. मग राज्यक्रांती झाली. 1789 मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि नंतर ती विकली गेली. 1804 च्या नेपोलियनच्या कायद्याने वारसांना समान वाटे दिले. पिढीगणिक मळ्यांचे तुकडे पडत गेले. आज त्या एका व्हूजोच्या मळ्याला ऐंशीच्या आसपास मालक आहेत.

याचा अर्थ लक्षात घ्या. मळ्याची आठवण आता एकेका माणसाच्या आयुष्याएवढीच उरली. न मरणारा साक्षीदार गेला. कादंबरीत म्हातारा न होणारा देवदूत नेमका याच पोकळीत येऊन उभा राहतो, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट आभाळाची. 1811 मध्ये एक मोठा धूमकेतू कित्येक महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्या वर्षी द्राक्षं उत्तम आली. लोकांनी श्रेय धूमकेतूला दिलं आणि ती वाइन ‘धूमकेतूची वाइन’ म्हणून गाजली. पाचच वर्षांनी, 1816 मध्ये, उन्हाळाच आला नाही. थंडी आणि पाऊस हटेना, तोडणी कित्येक आठवडे लांबली, द्राक्षं आंबट राहिली. कारण होतं इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी, जो 1815 च्या एप्रिलमध्ये फुटला होता. पण बर्गंडीच्या शेतकऱ्याला हे कोण सांगणार? तो फक्त वर बघत होता. गारपीट टळावी म्हणून चर्चच्या घंटा वाजवत होता. 22 जानेवारीला द्राक्ष बागायतदारांचा पाठीराखा संत व्हिन्सेंट याचा सण साजरा करत होता. आपल्या कोकणात नि गोव्यात राखणदाराला नारळ, विडी, दारू ठेवतात, त्यामागची भावना काही फार वेगळी नाही. मेहनत आपली, पण शेवटचा शब्द आपला नाही.

तिसरी गोष्ट सालाची. कथा सुरू झाली 1808 ला, त्यात 55 मिळवा. येतं 1863. याच वर्षी तिसऱ्या नेपोलियनने लुई पाश्चर यांना वाइन का बिघडते ते शोधायला सांगितलं. आणि याच सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली कारण न कळता वाळू लागल्या. ती फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड होती, अमेरिकेतून आलेली. 1870 च्या दशकात ती बर्गंडीत पोहोचली. उपायही अमेरिकेतूनच आला: तिथल्या वेलींच्या खुंटावर इथल्या जातींचं कलम. आता देवदूताच्या जागी सूक्ष्मदर्शक आला होता.

इथे मला माझे काका आठवतात. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग होती, डॉगरिज खुंटावर कलम केलेली. तो खुंटही मूळचा अमेरिकेतलाच. काका एका वहीत दर सालची नोंद करायचे: खरड छाटणी कधी, गोडी छाटणी कधी, माल किती निघाला, भाव काय मिळाला. 2014 च्या गारपिटीत बाग झोपली आणि त्यांनी ती काढून टाकली. तेव्हा ते म्हणाले, “मला एकतीस हंगाम मिळाले रे. लोकांना वाटतं शेतकऱ्याकडे आयुष्य असतं. त्याच्याकडे फक्त मोजके हंगाम असतात.”

मी दर दिवाळीला त्यांना फोन करायचो. तब्येत विचारायचो, बागेचं कधी विचारलं नाही. वही माझ्या हाती आली ती ते गेल्यावर. 2009 च्या पानावर तारखेखाली एवढंच होतं: ‘यंदा माल फार सुरेख. कुणाला दाखवावा?’

सोब्राँला हा प्रश्न पडला नाही. वर्षातून एक रात्र त्याच्याकडे कुणीतरी येत होतं, त्याची वाइन चाखत होतं आणि गेल्या सालाचं विचारत होतं. ही कथा मी देवदूताची म्हणून वाचायला घेतली होती. आता मला ती विचारपूस करणाऱ्याची कथा वाटते. त्यासाठी पंख लागत नाहीत. मला ते उशिरा कळलं.

तुमच्या घरात, गावात कुणी बाग, शेत, भट्टी, माग सांभाळत असेल, तर यंदाचा हंगाम कसा गेला ते त्यांना जरूर विचारा. आणि उत्तर लांबलं तरी शेवटपर्यंत ऐका. पुढच्या भागात भेटू.