कोहळ्यांचे तलाव आणि गावचा ग्रंथपाल: एक संशोधन-प्रश्न

पीएचडीसाठी विषय शोधताय? मग भंडारा जिल्ह्यातल्या तलावांपासून सुरुवात करून बघा. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर मराठी विकिपीडियात दोन ओळी लिहायच्या, तर संदर्भ द्यावा लागतो. घरबसल्या हाती काय लागतं? आर. व्ही. रसेलने संपादित केलेलं १९०८ चं भंडारा गॅझेटियर, नाहीतर त्याचाच हिरालाल यांच्यासोबतचा १९१६ चा जातिजमातींवरचा ग्रंथ. दोन्ही इंग्रजी, दोन्ही स्कॅन होऊन नेटवर आलेले. पवनीच्या स्तूपाचं तसं नाही. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, देव आणि जोशी यांचा अहवालही छापला गेला. तलावांच्या नशिबी असा अहवाल सहसा नसतो.

गावाने स्वतःबद्दल मराठीत छापलेलं, म्हणजे शाळेची स्मरणिका, झाडीबोली संमेलनाचा अंक, कुणा स्थानिक लेखकाची पुस्तिका, हे उरलंच असेल तर वाचनालयाच्या कपाटात. आणि विकिपीडियाला 'आजोबा सांगायचे' चालत नाही, तपासता येईल असा आधार लागतो. म्हणून मला वाटतं, ज्ञानकोशात कोण लिहितं यापेक्षा लिहिणाऱ्याच्या हातात संदर्भ कोण ठेवतं, हा प्रश्न जास्त कसदार आहे. तो विचारायचा तर ग्रंथालय कर्मचाऱ्यांना आजवर काय शिकवलं गेलं, हे बघावं लागतं.

मागे जाऊ. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं, पुढच्याच वर्षी कर्मचाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघू लागलं. फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यात जाऊ लागल्या. दिशा लक्षात घ्या: पुस्तक वरून गावाकडे. त्याच दशकात केतकरांनी नागपुरात ज्ञानकोशाचा घाट घातला आणि पुढे काम पुण्याला नेलं. त्यासाठी त्यांनी चक्क कंपनी काढली! सामान्य वाचक त्यात भागधारक झाला, वर्गणीदार झाला. लेखक मात्र नाही. वाईच्या विश्वकोशातही (पहिला खंड १९७६) लिहिणारे त्या त्या विषयाचे जाणकारच.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान आलं, अ-ब-क-ड वर्ग आले, तपासणी आली. कर्मचारी दाखल रजिस्टर, वर्गीकरण, देवघेव शिकला, कारण तपासणीत तेच बघतात. इथे 'कर्मचारी उदासीन आहेत' असं लिहून मोकळे होऊ नका. ड वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस असतो, तोही तुटपुंज्या मानधनावर. त्याने जे केलं नाही ते त्याच्याकडून मागितलं होतं का, हे आधी तपासा.

१ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि लेखक कोण, याचं उत्तर बदललं. प्रशिक्षणाचं उत्तर त्या वेगाने बदललेलं नाही. तुलनेसाठी एक उदाहरण घ्या: अमेरिकेत ओसीएलसीच्या वेबजंक्शनने २०१७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी विकिपीडियाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. तो जसाच्या तसा साकोली-लाखांदूरला आणून चालणार नाही. तिथल्या ग्रंथपालाला डेटाबेसमधला लेख शोधून द्यायचा असतो, इथल्याला आधी स्मरणिकेवरची धूळ झटकायची असते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. संदर्भ द्यायला पुस्तक स्कॅन करावं लागत नाही, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्नही येत नाही. नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान एवढं पुरतं. ते नीट उतरवून द्यायला एका दुपारच्या कार्यशाळेत शिकवता येतं.

आता तुमचं काम. तालुक्यातली पाच-सहा वाचनालयं निवडा आणि दाखल रजिस्टरं मागा. देणगीत आलेल्या स्मरणिकांना दाखल क्रमांक दिलाय की त्या नुसत्याच गठ्ठ्यात बांधून ठेवल्यात, ते बघा. क्रमांक असेल तर तारीख आणि देणगीदार टिपा. नसेल तर ग्रंथपालांना विचारा, प्रशिक्षणात अशा छापील गोष्टींचं काय करायचं म्हणून सांगितलं होतं. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.