लाइम रोग, कुत्र्यांतील

बोरेलिया बर्गडोर्फेराय या मळसूत्राकार सूक्ष्मजंतूंमुळे होणारा व इक्सोडीस वंशातील गोचिडींमार्फत पसरणारा रोग. तो कुत्र्यांत माणसानंतर ओळखला गेला. लस मात्र प्रथम कुत्र्यांना मिळाली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कनेक्टिकट राज्यात ओल्ड लाइम व आसपासच्या गावांतील अनेक मुलांना एकाच सुमारास संधिशोथ झाल्याचे दोन मातांच्या ध्यानात आले व १९७५ मध्ये त्यांनी ते अधिकाऱ्यांच्या नजरेस आणले. येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये अशा ५१ रुग्णांची (त्यांपैकी ३९ मुले) माहिती प्रसिद्ध केली. गोचीड चावल्यावर त्वचेवर पसरत जाणाऱ्या लाल चट्ट्याचे वर्णन स्वीडनमध्ये आर्व्हिड आफ्सेलिअस यांनी १९०९ मध्येच केले होते. तथापि त्याचा व संधिशोथाचा संबंध जुळण्यास पुष्कळ काळ लागला. न्यूयॉर्क राज्यातील शेल्टर बेटावरच्या गोचिडींत व्हिली बर्गडोर्फर यांना १९८१ मध्ये हे जंतू आढळले. ते वस्तुतः दुसऱ्याच जंतूंच्या शोधात होते. रोग मात्र नवा नव्हता. संग्रहालयात जतन केलेल्या १९४० च्या दशकातील गोचिडींतही या जंतूंचे डीएनए पुढे सापडले. शेती सोडलेल्या जमिनींवर पुन्हा वाढलेली अरण्ये, त्यांत वाढलेली हरणे आणि अरण्यालगतची घरे यांमुळे गोचीड, कुत्रा व माणूस एकत्र आले.

कुत्र्यातील या संधिशोथाचा वृत्तांत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यात लाल चट्टा सहसा दिसत नाही. ज्वर, अन्नावरील वासना जाणे आणि एका पायातून दुसऱ्या पायात सरकणारा लंगडेपणा ही लक्षणे होत. कॉर्नेल विद्यापीठात मॅक्स ॲपेल व सहकारी यांनी कुत्र्यांच्या अंगावर जंतुयुक्त गोचिडी सोडून केलेल्या प्रयोगांत (१९९३) लक्षणे दिसण्यास दोन ते पाच महिने लागले. चावलेली गोचीड मालकाला तोवर आठवणेही कठीण. निदान अवघड होण्याचे हे एक कारण आहे. शिवाय रक्तात प्रतिपिंडे आढळलेले बहुसंख्य कुत्रे आजारी पडतच नाहीत. काहींना मात्र, विशेषतः लॅब्रॅडॉर व गोल्डन रिट्रीव्हर जातींत, बहुधा या संसर्गाशी निगडित असा वृक्कशोथ होतो व तो बहुशः प्राणघातक ठरतो.

मृत जंतूंपासून केलेल्या कुत्र्यांच्या लशीस १९९० मध्ये सशर्त परवाना मिळाला. पुढे जंतूंच्या बाह्यावरणातील एकाच प्रथिनापासून लस करण्यात आली. तिची क्रिया विलक्षण आहे. लस टोचलेल्या प्राण्याच्या रक्तातील प्रतिपिंडे गोचिडीच्या आतड्यात जातात व जंतूंचा नाश तेथेच, म्हणजे ते प्राण्याच्या शरीरात शिरण्यापूर्वीच करतात. याच तत्त्वावरील माणसाच्या लशीस डिसेंबर १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तथापि तिच्यामुळे संधिशोथ होतो अशी भीती पसरली व न्यायालयीन दावे झाले. अधिकृत परीक्षणात या भीतीस आधार मिळाला नाही. तरीही मागणी घटल्याने उत्पादकाने २००२ मध्ये ती बाजारातून काढून घेतली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ रोगग्रस्त प्रदेशातील कुत्र्यास जे संरक्षण विकत मिळे, ते त्याच्या मालकास मिळत नव्हते.

कुत्र्यांच्या लशीविषयीही एकमत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ञांच्या २०१८ च्या निवेदनात सरसकट लस टोचण्याबाबत मतभेद नोंदविले आहेत. गोचीड कातडीस चिकटल्यावर जंतुसंक्रमणास सामान्यतः एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. म्हणून ती रोज शोधून काढणे हा उपाय सर्वमान्य आहे. रोग झाल्यास डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक सु. एक महिना देतात. भारतात कुत्र्यांवर नेहमी आढळणारी तपकिरी गोचीड या रोगाची वाहक नाही. ती एर्लिकिया व बॅबेसिया यांचा प्रसार करते. त्यामुळे येथील गोचीड-ज्वर झालेल्या कुत्र्यात प्रथम या दोहोंचा शोध घ्यावा लागतो.