मूत्राशयाचा कर्करोग : पेशींवरील खुणा आणि रोगाचे भवितव्य

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात उगवणारी गाठ पुढे कशी वागेल, हे निव्वळ डोळ्यांनी सांगता येत नाही. निदानाच्या वेळी सुमारे ७५ टक्के रुग्णांत ती स्नायूच्या थरापर्यंत पोचलेली नसते. मात्र काढून टाकल्यावरही ती पुन्हा पुन्हा उद्भवते, आणि काहींत खोल शिरते. म्हणून डॉक्टर पेशींवरच्या व जनुकांतल्या खुणा, म्हणजे ट्यूमर मार्कर, शोधतात.

या शोधाची सुरुवात साध्या लघवीतून झाली. १९४५ मध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी लघवीत झडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. आक्रमक गाठी तीत बऱ्यापैकी सापडतात. सौम्य गाठी मात्र निसटतात, कारण त्यांच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात.

जनुकांनी चित्र अधिक स्पष्ट केले. एफजीएफआर-३ या जनुकातील बदल प्रामुख्याने सौम्य, वरवरच्या गाठींत आढळतो; टीपी-५३ या जनुकातील बिघाड स्नायूत शिरलेल्या गाठींत अधिक. केआय-६७ हे प्रथिन भरपूर दिसले, तर पेशी वेगाने विभागत आहेत असे समजावे.

खुणेचे खरे मोल उपचारात कळते. एफजीएफआर बदल असलेल्या प्रगत कर्करोगासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये एर्डाफिटिनिब या औषधाला मंजुरी मिळाली. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे दुसरे औषध पेशीवरील नेक्टिन-४ या प्रथिनाला चिकटून विषारी द्रव्य थेट आत सोडते.

तरीही गाठीची खोली आणि पेशींची विकृती हेच भवितव्याचे मुख्य निकष आहेत. दुर्बिणीने मूत्राशय तपासणेही लघवीच्या चाचण्यांमुळे टळलेले नाही.