पे ड्रायव्हर

पे ड्रायव्हर : मोटारशर्यतीत संघाकडून पगार घेण्याऐवजी स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा प्रायोजकाच्या पैशातून संघाचा खर्च भागवून आसन मिळवणारा चालक. संघाच्या मोटारीत हंगामभर शर्यती करण्याच्या हक्काला या क्षेत्रात ‘सीट’ किंवा ‘ड्राइव्ह’ म्हणतात. ‘पे ड्रायव्हर’ हा शब्द बहुधा हेटाळणीने वापरला जातो. मात्र खालच्या श्रेणींत जवळजवळ प्रत्येक चालक पैसे भरूनच शर्यत करतो. फॉर्म्युला वनमध्येही अनेक नामवंत चालकांचा प्रवेश कोणीतरी पैसा ओतल्यामुळेच झाला आहे.

खर्चाची रचना : चालक साधारणपणे आठ-दहा वर्षांच्या वयात कार्टिंगने सुरुवात करतो. पुढे फॉर्म्युला ४, फॉर्म्युला ३ आणि फॉर्म्युला २ अशा पायऱ्या असतात. या श्रेणींतील संघांना बक्षिसांतून किंवा दूरचित्रवाणी हक्कांतून फारसे उत्पन्न नसते, म्हणून ते हंगामाचा खर्च चालकाकडून घेतात. त्यात इंजिनाचे भाडे, टायर, इंधन, यांत्रिकांचे वेतन, वाहतूक, सराव आणि प्रवेशशुल्क येते. अपघातात मोटार मोडली, तर दुरुस्तीचे बिल बहुधा वेगळे येते. युरोपातील फॉर्म्युला ४ च्या एका हंगामाला काही लाख युरो लागतात, तर फॉर्म्युला २ ची रक्कम सर्वसाधारणपणे वीस लाख युरोंच्या पुढे जाते. क्रिकेटमध्ये होतकरू मुलगा मैदानावर फुकट खेळून निवड समितीच्या नजरेत भरू शकतो. मोटारशर्यतीत मात्र वेग दाखवण्यासाठीच आधी मोटार भाड्याने घ्यावी लागते.

जागतिक उदाहरणे : ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाने 1972 मध्ये बँकेचे कर्ज काढून मार्च संघात जागा मिळवली आणि पुढे 1975, 1977 व 1984 अशी तीन विश्वविजेतेपदे जिंकली. 1991 मध्ये मायकेल शूमाखरच्या बेल्जियममधील पहिल्या शर्यतीसाठी मर्सिडीझने जॉर्डन संघाला पैसे दिले होते. व्हेनेझुएलाचा पास्तोर माल्दोनादो 2011 मध्ये विल्यम्स संघात आला तो पेदेव्हेसा या सरकारी तेलकंपनीच्या बळावर. त्याआधी 2010 मध्ये त्याने जीपी२ (फॉर्म्युला २ च्या आधीची मालिका) चे विजेतेपद जिंकले होते, आणि 2012 मध्ये त्याने स्पेनची ग्रांप्रीही जिंकली. लुईस हॅमिल्टनचे कुटुंब श्रीमंत नव्हते. 1998 मध्ये, तेराव्या वर्षी, मॅक्लारेन-मर्सिडीझने त्याला करारबद्ध केल्यावर त्याचा खर्चाचा प्रश्न सुटला. या सर्वांमागे पैसा होताच. फरक एवढाच की कधी तो बँकेचा होता, कधी सरकारी कंपनीचा, तर कधी गुणवत्ता हेरणाऱ्या कारखानदाराचा.

पैशाच्या जोरावर अपुऱ्या तयारीचा चालक वरच्या श्रेणीत येऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने 2016 पासून सुपर लायसन्सचे नियम कडक केले. त्यानुसार चालकाचे वय सर्वसाधारणपणे किमान 18 असावे लागते आणि आधीच्या तीन हंगामांत खालच्या श्रेणींतून 40 गुण मिळवावे लागतात. त्यामुळे नुसता पैसा पुरत नाही. मात्र ते गुण ज्या श्रेणींत मिळतात, तिथे पैशावाचून प्रवेश नाही.

भारतीय चालक : आजवर दोनच भारतीय फॉर्म्युला वनची शर्यत धावले आहेत. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये जॉर्डन संघातून उतरला, तेव्हा टाटा समूह त्याच्या पाठीशी होता. त्या वर्षीच्या अमेरिकन ग्रांप्रीत टायरच्या वादामुळे सहाच मोटारी धावल्या. तीत त्याने चौथा क्रमांक आणि पाच गुण मिळवले. 2011 मध्ये तो एचआरटी संघात परतला. हंगामाच्या मध्यावर त्याची जागा रेड बुलने पुढे आणलेल्या डॅनियल रिकियार्डोला मिळाली आणि कार्तिकेयनला भारतीय ग्रांप्रीसाठी पुन्हा बोलावण्यात आले. चेन्नईचा करुण चंडोक 2010 मध्ये एचआरटीतून पहिल्या दहा शर्यती धावला. त्यानंतर त्याच्या जागी प्रायोजकांचा पैसा सोबत आणणारा जपानी चालक साकोन यामामोतो आला. म्हणजे आसन मिळाल्यावरही ते टिकवण्याचा हिशेब शर्यतीगणिक चालूच राहतो.

दोघांच्या घरी शर्यतीचे वातावरण होते. कार्तिकेयनचे वडील रॅलीचालक होते. चंडोकचे आजोबा इंदू चंडोक हे 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक होते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे येथे कायमस्वरूपी सर्किट आहेत. घरात जाण, गावाजवळ सर्किट आणि पाठीशी प्रायोजक अशा तिन्ही गोष्टी तमिळनाडूत एकत्र आल्या. याउलट, विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया हा संघ 2008 ते 2018 या काळात फॉर्म्युला वनमध्ये होता, पण त्याने एकाही भारतीयाला शर्यतीत उतरवले नाही.

महाराष्ट्र : या राज्यातून फॉर्म्युला वनच्या सर्वांत जवळ पोहोचलेला चालक म्हणजे मुंबईचा जेहान दारुवाला (जन्म 1998). फोर्स इंडियाने 2011 मध्ये घेतलेल्या गुणवत्ताशोध मोहिमेतून निवडलेल्या तिघांपैकी तो एक होता. 2017 मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली, 2019 च्या फॉर्म्युला ३ हंगामात तिसरा क्रमांक मिळवला आणि 2020 ते 2022 या काळात तो रेड बुलच्या कनिष्ठ चमूत होता. डिसेंबर 2020 मध्ये बहरीनमध्ये साखीर येथे जिंकून तो आजच्या फॉर्म्युला २ मालिकेतील शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. उद्योजक कुटुंब, फोर्स इंडियाची निवड आणि रेड बुलचे पाठबळ एवढे सारे असूनही त्याला फॉर्म्युला वनमध्ये आसन मिळाले नाही. पुढे तो विजेवरच्या फॉर्म्युला ई मालिकेत मासेराती संघाकडून धावला. पैसा ही आवश्यक अट असली तरी पुरेशी नाही, हे त्याच्या वाटचालीतून दिसते.

‘मुंबई फाल्कन्स’ या संघाचे उदाहरण उलट दिशेचे आहे. 2021 च्या आशियाई फॉर्म्युला ३ स्पर्धेत या संघाने दारुवाला आणि कुश मैनी या भारतीयांना उतरवले. पुढच्या वर्षांत मात्र संघाच्या मोटारीतून आर्तुर लक्लेर आणि 2023 मध्ये आंद्रेआ किमी अँतोनेल्ली यांनी विजेतेपदे पटकावली. अँतोनेल्ली 2025 मध्ये मर्सिडीझच्या फॉर्म्युला वन संघात दाखल झाला. संघाच्या नावात मुंबई असली तरी आसन मुंबईकराला मिळेलच असे नाही.

कोल्हापूर हे राज्यातील कार्टिंगचे महत्त्वाचे केंद्र असून तेथील मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला. पुण्याच्या डायना पंडोल महिलांसाठीच्या गुणवत्ताशोध उपक्रमातून या खेळात आल्या आणि 2024 मध्ये सलून मोटारींच्या गटात पुरुषांना मागे टाकून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मोटारसायकल शर्यतीत वाहनउत्पादक कंपन्या स्वतःच चालक निवडून त्यांचा खर्च करतात, त्यामुळे तिथे पैशाचा अडसर कमी असतो. पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या गुणवत्ताशोध स्पर्धेतून पुढे आला आणि नंतर टीव्हीएस रेसिंगच्या गाडीवर आशियाई पातळीवर धावला.

अहिल्यानगर जिल्हा : वाहनांच्या चाचणीत या जिल्ह्याचे नाव मोठे आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था शहराजवळ वाहननगर येथे आहे आणि तिच्या चाचणीमार्गांवर लष्करी तसेच नागरी वाहने तपासली जातात. पण हे मार्ग चाचणीसाठी आहेत, शर्यतीसाठी नाहीत. जिल्ह्यातील मुलाला कार्टिंग शिकायचे तर पुणे किंवा सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठावे लागते, आणि फॉर्म्युला मोटारीच्या सरावासाठी हजार किलोमीटरहून दूर असलेले चेन्नई. प्रत्येक सरावाच्या खर्चात हे अंतरही मोजावे लागते.

पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतील बैलगाडा शर्यतीशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. घाटात, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर, गाड्याचा सगळा खर्च गाडामालक करतो आणि बक्षीसही त्याचेच. धावणाऱ्या बैलाकडून कोणी पैसे मागत नाही, आणि बारीचा (एका धावेचा) निकाल सेकंदांत लागतो. फॉर्म्युला ४ मध्ये निकाल सेकंदांतच लागतो, पण मालक धावणाऱ्याकडूनच पैसे घेतो.

मूल्यमापन : पैसा विरुद्ध गुणवत्ता अशी सरळ लढत या खेळात क्वचितच होते. खरी चुरस असते ती पैसा उभा करू शकलेल्यांमध्ये, आणि तिथे सरस ठरते ती गुणवत्ताच. जो पैसा उभा करू शकत नाही, त्याचा वेग कधी मोजलाच जात नाही. ही कोंडी फोडायची तर जवळचा ट्रॅक, भाड्याने मिळणारी कार्ट आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या यांची सोय दहाव्या वर्षाच्या आत व्हावी लागते. फॉर्म्युला वनची शर्यत धावलेले दोन्ही भारतीय तमिळनाडूचे आहेत. महाराष्ट्रातून तिथे अजून कोणी पोहोचलेले नाही.