नाशिकचा हिरा आणि देवाचा डोळा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जोहे गावातल्या कुठल्याही कारखान्यात शिरा, ओळीने मांडलेल्या शेकडो गणेशमूर्ती दिसतील. अंगाला रंग चढलेला असतो, पीतांबर झालेला असतो, पण डोळे मात्र कोरे. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि तिला सर्वांत कसबी हात बसतो. अलीकडे मुकुटावर, सोंडेवर काचेचे खडे डकवण्याची पद्धत पडली आहे. त्याला सगळे ‘डायमंड वर्क’ म्हणतात. हे काम बहुधा बायका करतात आणि मजुरी नगावर मिळते. मजुरीची चौकशी करीत आम्ही एकदा अशा कारखान्यात बसलो असताना खडे लावणाऱ्या एका बाईने मान वर न करताच विचारले, “भाऊ, नाशिकच्या महादेवाचा डोळा इंग्रजांनी काढून नेला म्हणतात, ते खरं का हो?”

त्या वेळी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर युनियनच्या कचेरीत. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या बाईला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

हिरा खरा आहे. जगाच्या बाजारात त्याला ‘नासक’ म्हणतात. नाशिकचा इंग्रजी उच्चार तसा झाला. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात तो पंधराव्या शतकापासून होता, असे हिऱ्यांच्या पुस्तकांत छापलेले असते. आजचे देऊळ मात्र नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. म्हणजे देवळाच्या आधी तीनशे वर्षे हिरा कोणत्या छपराखाली होता, हे सांगण्याची जबाबदारी पुस्तकवाल्यांची.

आणि तो डोळा? आपल्यापैकी पुष्कळांनी त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेतले असेल. गाभाऱ्यात मूर्ती नाहीच. पिंडीच्या जागी उखळासारखा खोलगा आहे, आणि त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी अंगठ्याएवढी तीन लिंगे. उत्सवात मिरवतो तो सोन्याचा मुकुट निराळा. ज्या देवाला मुळात कोरलेले डोळे नाहीत, त्याचा डोळा कोण काढून नेणार? ही कथा युरोपातली आहे. रशियाच्या राजदंडातला ओर्लोव्ह हिरा दक्षिणेतल्या एका मूर्तीचा डोळा होता, अशी दंतकथा तिकडे फार लोकप्रिय. विल्की कॉलिन्सने १८६८ मध्ये ‘मूनस्टोन’ ही कादंबरी लिहिली, तीही देवमूर्तीच्या हिऱ्यावरच. एकदा साचा तयार झाला की त्यातून कितीही मूर्ती काढता येतात, हे जोहेकरांना सांगायला नको.

घडले ते असे. १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव असीरगडाजवळ जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाखांची पेन्शन घेऊन तो बिठूरला गेला आणि १८५१ मध्ये वारला. त्या धामधुमीत बाजीरावाकडचा हा हिरा ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याकडे आला, अशी प्रचलित हकीकत आहे. (हाच ब्रिग्ज पुढे फेरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवादक झाला, लूट आणि विद्या एकाच हाती असणे त्या काळी नवल नव्हते.) ब्रिग्जकडून तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे, तेथून कंपनीकडे आणि मग लंडनला गेला.

या लुटीला सरकारी नाव होते, ‘दख्खन प्राइझ मनी’. ती कोणी वाटून घ्यायची, यावरून हेस्टिंग्जचे सैन्य आणि सर टॉमस हिस्लॉपचे सैन्य वर्षानुवर्षे भांडत होते. मालाचा हिशेब करायला जे विश्वस्त नेमले, त्यांत खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. आपला रायगडही या हिशेबात आहे. १० मे १८१८ रोजी तो पडला तेव्हा गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती आणि सुमारे पाच लाखांचा खजिना सापडला. गडाचा अधिकारी नारो गोविंद औटी याच्या पुण्यातल्या घरातून पैसा जप्त झाला, त्याची फिर्याद विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. १८३० मध्ये निकाल लागला की, लढाईत केलेल्या जप्तीवर दिवाणी कोर्टाचा अधिकार चालत नाही. लुटीला कायद्याची इतकी स्वच्छ पावती आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

पुढची यादी भराभर सांगतो. रंडेल आणि ब्रिज या लंडनच्या सराफांनी नव्वदेक कॅरटांचा तो हिरा पुन्हा पैलू पाडून ऐंशीवर आणला. १८३० च्या दशकात तो ७,२०० पौंडांना लिलावात गेला, आणि मग वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. विसाव्या शतकात तो पॅरिसच्या मोबूसाँ या जवाहिऱ्याच्या हाती येऊन अमेरिकेत पोचला. तेथे ही पुरातन कलावस्तू की दागिन्याचा माल, असा जकातीचा खटला झाला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने विकत घेऊन तो ४३.३८ कॅरटांवर आणला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मालमोटारींच्या धंद्यातल्या एका गृहस्थाने पाच लाख डॉलर मोजले, आणि १९७७ मध्ये तो रॉबर्ट मुआवदने घेतला. दीडशे वर्षांत हिरा निम्म्याहून कमी झाला आणि किंमत वाढत गेली.

खरेदीदारांची नावे अशी तोंडपाठ मिळतात. खणणाऱ्यांचे काय? गोवळकोंड्याकडच्या या खाणी सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने पाहिल्या. कोल्लूरला साठ हजारांच्या आसपास माणसे राबत होती, असे तो लिहितो. पुरुष खणत, बायका आणि पोरे माती वाहत. दुसऱ्या एका खाणीतल्या कसबी कामगाराची मजुरी त्याने नोंदली आहे, वर्षाला तीन होन. मोठा खडा सापडून मालकाला दिला तर पागोट्याचे कापड आणि वर अर्धा होन. अंगावर लंगोटी, आणि पन्नास माणसांमागे बारा ते पंधरा पहारेकरी! आमच्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटताना डबा उघडून, चपला काढून झडती होत असे. तेथेही पन्नासामागे दोनच होते.

याच खाणीत एका व्यापाऱ्याने ताव्हर्निएला आपला एक जुना कामगार दाखवला. त्याने लहानसा हिरा चोरून डोळ्याच्या कोपऱ्यात लपवला होता. चोरी उघडकीला आली आणि हिरा काढून घेतला गेला. तेव्हा बाई, डोळ्यातून हिरा काढल्याची गोष्ट खरी आहे. फक्त तो डोळा महादेवाचा नव्हता.

नाशिकचा हिरा परत आणावा, अशी मागणी अधूनमधून होते. आम्ही तिच्या बाजूचे आहोत. मात्र परत आणून तो द्यायचा कोणाला, हे विचारले की देवस्थान, पेशव्यांचे वंशज आणि सरकार असे तीन दावेदार पुढे येतात. चौथ्याचे नाव आमच्या ऐकण्यात आलेले नाही. कोल्लूरची ती खाण आज कृष्णेवरच्या पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे.