तळटीप : पवनार आणि नागपूर विद्यापीठ
७. लेखकाने पवनारचा उल्लेख केवळ ‘विनोबांचे गाव’ असा केला आहे. नव्या वाचकासाठी थोडी भर घालणे आवश्यक वाटते. विद्यापीठामुळे शहर वाढते, हे आपण पुण्याच्या उदाहरणावरून जाणतो. पवनारच्या बाबतीत मात्र विद्यापीठाने जुने, मातीखाली गेलेले नगर उजेडात आणले, आणि हे कामही नगरविकासाइतकेच मोलाचे आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी निगडित असलेले वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटांतील प्रवरपूर, म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी, ती हेच पवनार, असे मत मांडले. विनोबा १९३८ साली धाम नदीकाठी राहायला आले. पुढे त्यांच्या आश्रमाच्या जमिनीत खोदताना राम-भरत भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प निघाले. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले, तेव्हा एकावर एक वस्त्यांचे थर मिळाले. राजधानीचा मान मनसरला द्यावा, असे मत नंतर काही अभ्यासकांनी मांडले. तरीही पवनार हे प्राचीन आणि मोठे वसतिस्थान होते, याविषयी शंका उरत नाही. विद्यार्थ्यांनी १९६७ च्या उत्खननाचे वृत्त अवश्य वाचावे. पवनारजवळच्या वर्ध्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते मात्र १९९७ साली, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या रूपाने. — संपा.