लहान आतड्याचे अस्तर : ग्लुकोज-विकरांचे नियमन

लहान आतडे साखर शोषून रक्ताच्या हवाली करते, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. ती अपुरी आहे. अस्तराच्या पेशींत ग्लुकोज फोडणारी हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, पायरुवेट कायनेज ही विकरे (एंझाइमे) असतात आणि त्यांची क्रियाशीलता आहारानुसार कमी-जास्त होते.

याचा पुरावा थेट माणसात मिळाला. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रोझेन्स्वाइग आणि हर्मन यांनी स्वयंसेवकांना ठरावीक आहार देऊन जेजुनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या, अस्तराचे बारीक तुकडे तपासले. नेहमीची साखर किंवा फ्रुक्टोज दिल्यावर सुक्रेज व माल्टेज ही पचनविकरे वाढली. नुसत्या ग्लुकोजने तसे घडले नाही. बदल दिसायला दोन ते पाच दिवस लागले. अस्तराच्या नव्या पेशी खळग्यांच्या तळाशी जन्मतात, रसांकुरांच्या, म्हणजे अस्तरावरील बोटांसारख्या उंचवट्यांच्या, टोकाकडे सरकतात आणि काही दिवसांतच गळून पडतात. विकरे वाढायला लागलेला वेळ पेशींच्या या अल्प आयुष्याशी जुळतो. पेशीच्या आतली ग्लुकोज फोडणारी विकरे मात्र अधिक चपळ. उपवासात ती उतरतात, जेवण सुरू झाले की चढतात.

गंमत म्हणजे, एवढी साखर हाताळणाऱ्या या पेशींचे एक प्रमुख इंधन ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आहे.

मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आतड्यातील ग्लुकोजचा वापर वाढवते. त्यामुळे किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य टिपणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये आतडी उजळून दिसतात आणि पोटातील गाठ झाकली जाऊ शकते. म्हणूनच अशा तपासणीपूर्वी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हे औषध अनेकदा 48 तास थांबवले जाते.